तळ्यातील मासा आजारी का पडतो?

मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदियाहून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास दुर्ग मागे टाकताच भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु सभोवतालचा मुलूख आहे तो धानाचा आणि तळ्यांचा. भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलावांप्रमाणेच छत्तीसगडातही गावोगाव तळी असून त्यांत कटला, रोहू व मृगळ या माशांचे संवर्धन होते.

अशा तळ्यात महिनोन्‌महिने वाढविलेले मासे कधी कधी थोड्याच दिवसांत रोगाला बळी पडतात आणि मत्स्यपालकाचे वर्षाचे उत्पन्न बुडते. येथे एक प्रश्न उद्भवतो. एरोमोनाससारखे जंतू पाण्यात नेहमीच वास करीत असतात. मग रोग आजच का झाला? याचे उत्तर बहुधा जंतूंपेक्षा माशाच्या प्रतिकारशक्तीत शोधावे लागते.

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हा त्याचा पहिला तट होय. त्यात जंतुनाशक द्रव्ये असतात. हा तट भेदला गेल्यास रक्तातील पांढऱ्या पेशी व प्रतिद्रव्ये पुढे सरसावतात. आपल्या शरीरात रक्तपेशी अस्थिमज्जेत जन्म घेतात. माशाच्या हाडांत अशी मज्जा नसते. तिचे कार्य त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो.

आता गंमत अशी की, ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही माशात याच भागात तयार होते. बाह्य आघातांना शरीर ठरावीक रीतीने प्रतिसाद देते, हे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले. ताण क्षणिक असेल तर हा प्रतिसाद उपकारक ठरतो, कारण त्यायोगे साठविलेली शक्ती तत्काळ उपलब्ध होते. तोच ताण दिवसेंदिवस टिकला, तर कॉर्टिसॉलमुळे पांढऱ्या पेशींची संख्या व कार्य मंदावते आणि प्रतिद्रव्ये कमी निर्माण होतात.

ताणाची कारणे तळ्यातच असतात. उन्हाळ्यात पाणी आटते व मासे दाटीने राहू लागतात. रात्री वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत; म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. जाळे ओढताना अंगावरील थर खरवडला जातो.

आहाराचे महत्त्व येथेच कळते. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड हे आपल्याकडील नेहमीचे खाद्य. विरळ मासे असलेल्या तळ्यात उरलेली उणीव पाण्यातील सूक्ष्म जीव भरून काढतात. परंतु दाटीने मासे सोडल्यास ते पुरे पडत नाहीत. बहुतेक अस्थिमत्स्यांना क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. त्याच्या अभावी जखमा लवकर भरत नाहीत व पाठीचा कणा वाकतो. इ जीवनसत्त्व, जस्त व सेलेनियम ही पांढऱ्या पेशींच्या कार्यास आवश्यक आहेत. याउलट, ओलसर जागी साठविलेल्या पेंडीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृत बिघडविते व प्रतिकारशक्ती खच्ची करते. म्हणजे, पोट भरलेला मासाही दुर्बल असू शकतो.

१९८८ साली भारतात आलेला व्रणरोग हे याचे बोलके उदाहरण आहे. अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवामुळे होणारा हा रोग मरळ, खवल्या व इतर माशांच्या अंगावर खोल व्रण पाडतो. तो विशेषतः थंडीच्या दिवसांत पसरतो, कारण मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी गार होताच त्याची प्रतिकारक्रियाही मंदावते.

यावरून उपायही सुचतात. तळ्यात मावतील तेवढेच मासे सोडावेत. बीज नेण्यापूर्वी ते उपाशी ठेवावे, आणि पिशवीतील व तळ्यातील पाण्याचे तापमान सारखे झाल्यावरच बीज पाण्यात मोकळे करावे. हिवाळ्यापूर्वी चुना टाकावा. खाद्य ताजे, कोरडे व जीवनसत्त्वयुक्त असावे आणि मासे खातील तेवढेच द्यावे. औषधाची वेळ येते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून सुज्ञ मत्स्यपालकाने जंतूंआधी पाण्याकडे आणि खाद्याच्या पोत्याकडे पाहावे.