कुठलं गाव मानवेल?

गेली दीड-दोन वर्षं आमच्या घरात एकच विषय चालू आहे: कायमचं राहायचं कुठे? माझं माहेर इंदूरचं, सासर वडोदऱ्याचं, आम्हा दोघांच्या नोकऱ्या हैदराबादला आणि सख्खी मावशी बेळगावात. ‘महाराष्ट्र सोडून आपण सगळीकडे आहोत,’ असं माझी लेक म्हणते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असंच चित्र असेल. पणजोबा कुठल्याशा संस्थानात चाकरीला आले, आजोबांनी तिथेच घर बांधलं, बाबांची बदली दुसऱ्या राज्यात आणि आपण तिसरीकडे.

सासरे २०२४ च्या सुरुवातीला गेले. तेव्हापासून सासूबाई वडोदऱ्याच्या जुन्या घरात एकट्या राहतात. वय बहात्तर. आम्ही गच्चीबावलीला अकराव्या मजल्यावर. त्यांनी आमच्याकडे यायचं, आम्ही तिकडे जायचं, की सगळ्यांनीच माझ्या आई-बाबांच्या जवळ इंदूरला बस्तान हलवायचं? दिवाळीत यावर चर्चा सुरू होते आणि भाऊबीजेला अर्धवट सुटते.

अशा वेळी आपली पिढी आधी मोबाइल काढते. आम्हीही काढला. केंद्र सरकारने १११ शहरांची राहण्यायोग्यतेची क्रमवारी मार्च २०२१ मध्ये जाहीर केली होती. दहा लाखांहून मोठ्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं, अहमदाबाद तिसरं. वडोदरा आठवं आणि इंदूर नववं. हैदराबाद पहिल्या दहात नाही. त्याआधीच्या, म्हणजे २०१८ च्या यादीत पुणे पहिलं होतं. गुणांची वाटणीही दिली आहे: जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वत विकासाला २० आणि नागरिकांच्या मताला ३०. बंगळुरू पहिलं आल्याची बातमी मी तिथल्या चुलतभावाला पाठवली, तेव्हा तो सिल्क बोर्डच्या चौकात पाऊण तास अडकलेला होता. त्याने उत्तरादाखल फक्त हसरे चेहरे पाठवले.

यादी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. पण ती वाचताना लक्षात आलं, की आमच्या घरातल्या ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, तिच्यासाठी त्यात रकानाच नाही. मराठी आणि गुजराती उत्तम, हिंदी कामापुरती, इंग्रजी अक्षरओळखीपुरती, अशी बहात्तर वर्षांची बाई दाराबाहेर एकटी कुठवर जाऊ शकते? मग आम्हीच एक वही केली. चारही गावांची माहिती, स्वतः राहून पाहिलेली, त्यात लिहीत गेलो.

पहिलं पान पाण्याचं. आपल्याकडे परगावी राहायला गेलेल्याला विचारतात, ‘तिकडचं पाणी मानवलं का?’ ते उगीच नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि नर्मदा खाली निमाडात. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पाणी पंपांनी वर चढवून आणावं लागतं. १९७८ साली ते पहिल्यांदा शहरात आलं. त्याआधीच्या टंचाईच्या गोष्टी आई अजून सांगते. आजही आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून माहेरच्या घरात माणसांपेक्षा टाक्या जास्त आहेत. वडोदऱ्याला सयाजीरावांच्या काळात बांधलेला आजव्याचा तलाव आहे, शिवाय मही नदीतल्या फ्रेंच विहिरी. पिण्याच्या पाण्याची ओरड सासरी मी कधी ऐकली नाही. तिथलं दुखणं उलटं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, आणि सासूबाईंच्या तळमजल्यात कंबरभर पाणी भरलं. सासरे जाऊन जेमतेम सात-आठ महिने झाले होते. त्यांच्या पुस्तकांचं कपाट त्या पाण्यात गेलं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने सासूबाईंना हाताला धरून वर नेलं आणि तीन दिवस ठेवून घेतलं. आम्ही हैदराबादहून नुसते फोन लावत होतो. एकदाही लागला नाही.

हैदराबादचीही पाण्याची गोष्ट पुरापासूनच सुरू होते. १९०८ मध्ये मुसी नदीने शहर धुऊन नेलं. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले ते पूर अडवायला आणि पाणी पुरवायला. आता शहराला मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचंही पाणी येतं, तरी आमच्याकडे पश्चिमेला मार्च उजाडला की बोअर आटतात आणि टँकर सुरू होतात. सोसायटीच्या देखभाल खर्चात उन्हाळ्यात जी वाढ होते ती बहुतेक टँकरचीच. घर घेताना दलाल पोहण्याचा तलाव दाखवतो. त्याला नळाचं पाणी किती तास येतं हे विचारा.

हवेच्या पानावर फार वाद झाला नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, मावशीकडे पंखाही जपून लावतात. पावसाळ्यात मात्र कपडे वाळत नाहीत, आणि मावशी दोऱ्या घरभर बांधून त्याखालून वाकून चालते. इंदूरला दिवसा ऊन कडक, पण रात्र उतरते. शब-ए-मालवा म्हणतात ती खरीच आहे, मे महिन्यातही गच्चीवर झोप लागते. वडोदऱ्याला जूनमध्ये पाऊस पडेपर्यंत रात्रीसुद्धा अंग चिकचिकतं. हैदराबादचा उन्हाळा कोरडा, सोसवतो. ग्वाल्हेरचं नाव माझ्या नवऱ्याने उगीचच काढलं होतं, त्याच्या आत्याचं घर रिकामं आहे म्हणून. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि जानेवारीत हाडं गोठवणारं धुकं, तेव्हा ते पान लिहायच्या आधीच मिटलं.

भाषेचं पान मात्र भरत गेलं. एकच भाजी घ्या. इंदूरला मी गिलकी म्हणते, सासूबाई गलकां म्हणतात, मावशी घोसाळी म्हणते, आणि आमच्या दारातली भाजीवाली नेति बीरकाय म्हणते. वडोदऱ्यात रावपुरा-दांडिया बाजाराच्या बाजूला सासूबाई अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं गुजरातीत बोलतात, आणि समोरच्यालाही त्याचं काही वाटत नाही. बेळगावात मावशीचा भाजीबाजार, दूधवाला, शिंपी सगळं मराठीत चालतं. सरकारी कचेरीत गेलं की अर्ज कन्नडमध्ये. मावशी स्वच्छ कन्नड बोलते, वाचायला अडते. सीमाभागातला वाद पेटला की कोल्हापूरकडची एसटी बंद होते, मग चार दिवस मावसबहीण माहेरी येऊ शकत नाही. बाकी वर्षभर शेजारची कन्नड काकू आणि मावशी एकमेकींचं लोणचं वाटून खातात. वर्तमानपत्रातलं बेळगाव आणि मावशीच्या गल्लीतलं बेळगाव, दोन्ही खरी आहेत.

हैदराबादला आपण बाहेरचे, असा माझाही समज होता. पण १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच हैदराबाद राज्यात होते. इथली मराठी माणसं कुठून आलेली नाहीत, राज्याची सीमा त्यांच्या बाजूने सरकली. विवेकवर्धिनीसारखी शाळा १९०७ पासूनची. आणि इथली दखनी बोली ऐका. रिक्षावाला ‘नक्को’ म्हणतो तो आपलाच ‘नको’, आणि ‘मैंइच’ मधला तो ‘च’ सुद्धा आपलाच. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा या शहराबद्दल काहीतरी ऐकून हसल्या.

त्या आमच्याकडे येऊन राहिल्याच नाहीत असं नाही. पुरानंतर अडीच महिने होत्या. घर मोठं, लिफ्ट, खाली बाग, सुरक्षारक्षक, सगळं होतं. सकाळी आम्ही तिघं गेलो की त्या संध्याकाळपर्यंत कोणाशीही बोलायच्या नाहीत. भाजी मोबाइलवरून येते, दूध दाराला लावलेल्या पिशवीत पडतं. खालच्या बागेतल्या बायका तेलुगू किंवा इंग्रजी बोलतात. फाटकाबाहेर सहा पदरी रस्ता, तो ओलांडायला मीच घाबरते. तिसऱ्या आठवड्यात लेकीने मला हळूच सांगितलं, ‘आजी टीव्हीशी बोलते.’ वडोदऱ्यात पूर येतो, पण पूर नसेल तेव्हा त्या रोज सकाळी देवळात, तिथून ग्रंथालयात आणि परतताना भाजी घेऊन अकराला घरी असतात. दिवसात वीस माणसांशी बोलणं होतं.

मग आम्हीच तिकडे जावं, असा माझ्या नवऱ्याचा कल होता. तिथे लेकीची शाळा आडवी आली. हे पान ज्यांची मुलं पाचवी ते आठवीत आहेत त्यांनी नीट वाचावं. राज्य बदललं की मुलाची भाषा बदलते. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची, गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती, कर्नाटकात कन्नड. लेकीने सहा-सात वर्षं गोल गोल तेलुगू गिरवली. आता आठवीत गुजराती घ्यायची. गुजराती लिपी आपल्याला सोपी, शिरोरेघ काढून टाकली की निम्मी वाचता येते, तेवढं ती करेल. खरी मेख पुढे आहे. वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी तेलंगणात बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथेच शिकलेलं असावं लागतं, आणि गुजरातमध्ये दहावी-बारावी तिथूनच झालेली लागते. नियम बदलत असतात, ज्या त्या वर्षीचे पाहावेत. पण दहावी-अकरावीच्या सुमारास गाव बदललं तर मूल कुठल्याच राज्याचं राहत नाही. लेकीला आज तरी डॉक्टर व्हायचंय. म्हणजे जे करायचं ते नववीच्या आत.

आणि इंदूर? स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं, सकाळी पोहे-जिलेबी, रात्री सराफा, आई-बाबा जवळ. माझं मन तिकडेच ओढतं, हे लपवत नाही. पण सासूबाईंना सुनेच्या माहेरी राहायला लावायचं, हे त्यांना जमणार नाही. माझ्या आईलाही ते अवघडच जाईल. हे कुठल्या क्रमवारीत येतं?

वही भरत आली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही चार राज्यांची तुलना करत होतो, आणि जास्त फरक दिसत होता तो एकाच शहरातल्या दोन वस्त्यांत. गच्चीबावलीची आमची सोसायटी आणि बंगळुरूची भावाची सोसायटी जुळ्या बहिणी आहेत. उलट सासूबाईंचा रावपुरा, मावशीचं शहापूर, इंदूरचं रामबाग आणि हैदराबादचं काचीगुडा ही जुनी ठिकाणं एकमेकांची भावंडं शोभतील. अरुंद रस्ते, तळाला दुकानं, कोपऱ्यावर देऊळ, चालत जाता येईल असा बाजार, दुपारी पायरीवर बसलेल्या बायका. गाड्या लावायला जागा नाही आणि पावसात गटारं तुंबतात, हेही सगळीकडे सारखंच.

काचीगुड्याला नवऱ्याच्या एका सहकाऱ्याचे आई-वडील राहतात, नांदेडकडचे. गेल्या नाताळच्या सुटीत सासूबाई आल्या तेव्हा आठवडाभर त्यांच्याकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजींबरोबर बाजारात गेल्या. चौथ्या दिवशी एकट्या गेल्या, आणि पाव किलो जास्तीची मिरची घेऊन आल्या, कारण भाजीवाली नारायणखेडची निघाली आणि मोडक्या मराठीत गप्पा मारत बसली. मराठी पुस्तकं वाचायला मिळतील अशी जागा कुठे आहे, याचीही त्यांनीच चौकशी केली.

आता ठरलंय ते असं. लेकीची शाळा हैदराबादच. गच्चीबावलीचं घर भाड्याने द्यायचं आणि जूनपासून काचीगुड्याला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या घ्यायच्या. तळमजला नको, हे सासूबाईंनी स्वतः सांगितलं. वडोदऱ्याचं घर विकायचं नाही. नवरात्र ते होळी त्या तिथे राहणार, कारण गरबा आणि शेजार त्यांना सोडवत नाही, आणि पाऊसकाळ आमच्याकडे. किल्ली वरच्या गुजराती काकांकडे. मला आणि नवऱ्याला कामावर जायला उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावरून मेट्रो, अमीरपेटला बदलून रायदुर्ग, पुढे शेअर रिक्षा. आज पंधरा मिनिटं लागतात, उद्या जाऊन-येऊन तीन तास जातील. लेकीच्या शाळेच्या बसचा मार्ग अजून नक्की झालेला नाही, तिची खोलीही आताच्या निम्मी होणार आहे, आणि ती त्यावरून दोन दिवस रुसली होती. नवीन घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं. इंदूरहून आईने दोन मोठे पिंप पाठवते म्हणून कळवलंय.