टायटॅनिक शर्यतीत नव्हतीच

अटलांटिक वेगाने पार करण्याच्या विक्रमांचा विषय निघाला की गप्पा हटकून टायटॅनिकवर येतात. विक्रमाच्या हव्यासापायी कप्तानाने बोट हिमनगावर घातली, हे सांगणारा एकजण कुठल्याही बैठकीत भेटतोच. यात थोडा दोष सिनेमाचा, थोडा आपला. गर्वाचं घर खाली झाल्याची गोष्ट आपल्याला फार आवडते.

वस्तुस्थिती अशी की हा विक्रम टायटॅनिकच्या आवाक्यातच नव्हता. १९१२ साली तो क्यूनार्ड कंपनीच्या मॉरिटानियाकडे होता: सरासरी २६.०६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर. टायटॅनिक पूर्ण ताकदीनिशी धावली असती तरी २३-२४ नॉटच्या पुढे गेली नसती. आराखड्यानुसार मॉरिटानियाच्या टर्बाइनांची ताकद ६८ हजार अश्वशक्ती होती. आकाराने तिच्या जवळजवळ दीडपट असलेल्या टायटॅनिकची होती ४६ हजार. व्हाइट स्टार कंपनीने वेगाचा नाद केव्हाच सोडला होता. मोठी बोट, आरामशीर खोल्या आणि कोळशाचा आटोपशीर खर्च, हे तिचं गणित होतं.

मग घाईची गोष्ट आली कुठून? कंपनीचे प्रमुख इस्मे कप्तान स्मिथशी वेगाबद्दल बोलत होते, अशी साक्ष वाचलेल्या एका प्रवासी बाईंनी दिली होती. पण त्या साक्षीतही तुलना होती ती ऑलिंपिक या थोरल्या बहिणीच्या पहिल्या फेरीशी. वेग निर्दोष होता असं मात्र नाही. बर्फाचे इशारे मिळूनही बोट २२ नॉटच्या आसपास धावत होती, आणि हा वेग जास्त होता असं ब्रिटिश चौकशीत स्पष्ट म्हटलं आहे. तरी स्मिथवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला गेला नाही, कारण हवा स्वच्छ असली की वेग कमी करायचा नाही, ही त्या मार्गावरच्या सगळ्याच कप्तानांची वर्षानुवर्षांची रीत होती. मला तर विक्रमाच्या हव्यासापेक्षा ही रीतच जास्त भयंकर वाटते.

दुसरा गैरसमज: कमीत कमी वेळात पोचेल तिचा विक्रम. तसं असतं तर १९२९ साली जर्मनीच्या ब्रेमेनला मॉरिटानियाची वीस वर्षांची सद्दी मोडताच आली नसती. मॉरिटानियाला पश्चिमेकडे जायला लागले होते ४ दिवस १० तास ५१ मिनिटं. ब्रेमेनला लागले ४ दिवस १७ तास ४२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ सात तास जास्त! तरी विक्रम ब्रेमेनचा. मॉरिटानियाचं अंतर आयर्लंडच्या क्वीन्सटाउनपासून मोजलेलं होतं, २,७८४ सागरी मैल. ब्रेमेनचं फ्रान्समधल्या शेरबूरपासून, ३,१६४ सागरी मैल. बंदरं वेगवेगळी म्हणून हिशेब सरासरी वेगाचा, आणि ब्रेमेनची सरासरी भरली २७.८३ नॉट. मानही पश्चिमेकडच्या फेरीला जास्त. अमेरिकेकडे जाताना सागरी प्रवाह आणि वारा दोन्ही बहुधा समोरून येतात. परतीच्या वाटेवर तेच बोटीला पुढे ढकलतात. (जाता जाता: ‘ताशी ३० नॉट’ असं म्हणू नये. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.)

‘ब्लू रिबँड’ हा या विक्रमाचा मान. तो म्हणजे एखादा चषक, असंही पुष्कळांना वाटतं. मुळात ती नुसती म्हणायची गोष्ट, कुणी अधिकृतपणे न देता मिळणारी. चषक आला १९३५ मध्ये, हॅरल्ड हेल्स या ब्रिटिश खासदाराच्या हौसेतून. पुढे क्यूनार्डच्या क्वीन मेरी या बोटीने विक्रम केला, तेव्हा कंपनीने तो चषक घ्यायलाच नकार दिला.

ही कंपन्यांमधली चुरस होती, हे अर्धसत्य आहे. पैसा बघा कुणाचा. मॉरिटानिया आणि लुसिटानिया बांधायला ब्रिटिश सरकारने क्यूनार्डला २६ लाख पौंडांचं स्वस्त कर्ज दिलं; अट ही, की युद्धात बोटी सरकारच्या. १९५२ च्या ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकी बोटीचा खर्च ७ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात गेला. त्यातले सुमारे ५ कोटी सरकारने भरले, कारण वेळ पडल्यास तिच्यातून १४ हजार सैनिक न्यायचे होते. तिचा कमाल वेग कितीतरी वर्षं लष्करी गुपित होता.

आणि सर्वांत पक्का गैरसमज: तंत्रज्ञान पुढे गेलं, म्हणजे बोटी वेगवान झाल्याच असणार. साध्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते, आणि तेलाचं बिल त्याच वाटेने चढतं. सी-लँड कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३३ नॉटने धावणारी आठ कंटेनर जहाजं बांधली. १९७३ मध्ये तेल भडकलं. पुढच्या दशकात ती आठही अमेरिकी नौदलाने घेतली. आजची अजस्र कंटेनर जहाजं सहसा २० नॉटच्या आतच चालतात. गंमत म्हणजे शिडं मात्र पुढे गेली: ‘बांक पोप्युलेर ५’ या तीन सांगाड्यांच्या फ्रेंच नौकेने २००९ मध्ये केवळ वाऱ्यावर ३ दिवस १५ तास २५ मिनिटांत अटलांटिक ओलांडला. पूर्वेकडे इतकी झटपट क्वीन मेरीसुद्धा कधी गेली नव्हती.

‘युनायटेड स्टेट्स’ने जुलै १९५२ मध्ये पश्चिमेकडे ३४.५१ नॉटची सरासरी गाठली. १९९० पासून काही वेगवान कॅटामरान फेरीबोटींनी पूर्वेकडे तिला मागे टाकून हेल्स चषक नेला, पण त्या काही अटलांटिकवर नियमित उतारू वाहणाऱ्या बोटी नव्हत्या. नियमित प्रवासी बोटींमध्ये तिचा पश्चिमेचा आकडा आजही पहिला आहे. ती स्वतः १९६९ पासून बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून तिला ओढून नेलं, फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला.