दोनशे मीटरमधले पाय

23 ऑगस्ट 2012. अफगाणिस्तानात पेरलेल्या स्फोटकावर ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातल्या एका सॅपरचा, म्हणजे सुरुंग शोधणाऱ्या जवानाचा, पाय पडला. कर्टिस मॅकग्रा, वय चोवीस. दोन्ही पाय गेले. स्ट्रेचर उचलून नेणाऱ्या सोबत्यांना तो म्हणाला, आता मला पॅरालिम्पिकमध्ये बघाल. हा किस्सा त्यानंतर असंख्य वेळा छापून आला, आणि येणारच. जिद्दीच्या गोष्टींना गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. मला त्यातली दुसरीच बाब खुणावते. सहा दिवसांनी लंडनच्या पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, आणि ज्या खेळात मॅकग्रा पुढे चार सुवर्णपदकं मिळवणार होता तो खेळ तिथे नव्हताच.

हा खेळ म्हणजे पॅरा-कनू, अपंग खेळाडूंची होडी-शर्यत. तो तेव्हा जेमतेम उभा राहत होता. 2009 मध्ये कॅनडात डार्टमथला प्रदर्शनी शर्यती झाल्या, 2010 मध्ये पोलंडमधल्या पोझ्नानला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा, आणि त्याच वर्षअखेरीस 2016 च्या रिओसाठी मंजुरी. खेळाची आखणी आणि खेळाडूंची घडण जवळजवळ एकाच वेळी चालली होती.

काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, बसून वल्हवायचं, सगळं काम हातांचं. पाय नसले म्हणून काय बिघडलं? बरंच बिघडतं. कयाकमध्ये उजवीकडे वल्हं पाण्यात शिरतं तेव्हा उजवा पाय समोरच्या पाटीला रेटा देतो, कंबर फिरते, धड फिरतं आणि तो जोर वल्ह्यात उतरतो. हात हा त्या साखळीतला शेवटचा दुवा. गुडघ्यावरून पाय गेलेल्याला तो रेटाच मिळत नाही. शिवाय पायांचं वजन गेल्यामुळे तोल मागे सरकतो, होडीचं नाक वर उठतं आणि ती डुलायला लागते. मग बैठक पुढे सरकवायची, उरलेला भाग नीट टेकेल आणि घासणार नाही असा साचा बनवायचा, कृत्रिम पाय होडीत ठेवायचा की काठावर, हे ठरवायचं. पॅरा-कयाकची रुंदी निदान 50 सेंटिमीटर हवी असा नियम आहे तो याच डुलण्यापायी. ऑलिम्पिकच्या कयाकला तशी अट नाही. आणि धड व पाय किती काम देतात ते तपासून खेळाडूंचे तीन गट पाडतात. शर्यत सगळ्यांची 200 मीटर. उत्तम पुरुष कयाकपटू ती चाळीस-बेचाळीस सेकंदांत संपवतात.

दुसरी होडी वा'आ, पॅसिफिक बेटांवरची. कोकणातल्या मासेमारी होड्यांना असते तशी हिला एका बाजूला उलांडी असते, त्यामुळे ती सहसा उलटत नाही. पण वल्हं एकाच पात्याचं आणि सुकाणू नाही. होडी सरळ ठेवायची तीही त्याच वल्ह्याने. मॅकग्राने हीच होडी धरली आणि 2014 मध्ये तो जगज्जेता झाला. 2015 मध्ये रिओच्या कार्यक्रमातून वा'आच्या शर्यती काढल्या, फक्त कयाक ठेवलं. जगज्जेत्याला बैठक, वल्हं, तोल सगळं नव्याने शिकायला लागलं. सप्टेंबर 2016 मध्ये त्याने कयाकमध्ये सुवर्ण जिंकलं. स्ट्रेचरवरच्या वाक्यापेक्षा मला या दीड वर्षाचं अप्रूप जास्त. 2021 मध्ये टोकियोत वा'आ परत आलं, तिथे त्याने दोन्ही होड्यांत सुवर्ण घेतलं. 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा कयाकचं.

ब्रिटनची शार्लट हेनशॉ दुसऱ्या वाटेने आली. जन्मतःच पायांची हाडं अपुरी, त्यामुळे अगदी लहान असतानाच दोन्ही पाय कापावे लागले. तिने लंडन आणि रिओत जलतरणात पदकं मिळवली आणि मग होडीकडे वळली. टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे कयाकचं सुवर्ण तिचं. तिचीच सहकारी एमा विग्ज लंडनला बसून खेळायच्या व्हॉलीबॉलच्या संघात होती. नव्या खेळाला माणसं अशी इकडून तिकडूनच मिळतात.

आपल्याकडेही तसंच झालं. ग्वाल्हेरची प्राची यादव आधी पोहायची. तिचे पाय शाबूत आहेत, पण कमरेखाली ताकद नाही. प्रशिक्षकाच्या सल्ल्याने तिने वल्हं धरलं, भोपाळच्या छोट्या तलावात सराव केला आणि टोकियोत पॅरा-कनूमध्ये उतरणारी ती पहिली भारतीय ठरली. पुण्यातल्या लष्कराच्या रोइंग केंद्रात कोंगनपल्ले नारायण तयार झाला; काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेला हा जवान कनूऐवजी रोइंगच्या, म्हणजे पाठमोऱ्या, लांब वल्ह्यांच्या होडीत बसला. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्याने अनितासह रौप्य जिंकलं. तिचा पाय रस्ता अपघातात गेलेला. त्याच स्पर्धेत प्राचीने कयाकचं सुवर्ण आणि वा'आचं रौप्य मिळवलं, आणि तिचा नवरा मनीष कौरव याने कयाकमध्ये कांस्य.

टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळी प्राची वा'आच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दोन्ही वेळी आठवी आली. दोन्ही शर्यती विग्जने जिंकल्या.