पाण्याची खतावणी

व्यापारी बंधूंनो, नागापुरात कापड विकणाऱ्याकडे दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक एमआयडीसीतला कामगार. त्याची खरेदी पगाराच्या तारखेवर. दुसरा आसपासच्या खेड्यांतला शेतकरी. त्याची खरेदी पावसावर. विहीर आटली की लग्नाचा बस्तासुद्धा उधारीवर जातो आणि ती उधारी पुढच्या पावसापर्यंत वहीत पडून राहते. म्हणून पाण्याचा हिशेब हा आपलाही हिशेब आहे.

हा हिशेब मांडणारे गाव आपल्याच नगर तालुक्यात आहे, हिवरे बाजार. 1989 साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांतून गावाने उजाड डोंगर हिरवा केला. पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद होतो; आधी माणसे व जनावरे, मग पिके. उसाला आणि शेतीच्या बोअरवेलला बंदी.

अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम या विद्यार्थिनीने असाच विषय प्रबंधासाठी घेतला होता. लॉस एंजेलिसजवळ भूजलाचा बेसुमार उपसा होऊन समुद्राचे खारे पाणी जमिनीत शिरत होते. उपसा करणाऱ्यांनीच बोलणी करून, कोर्टाच्या मार्फत, आपापल्या उपशाला मर्यादा कशी घातली, हे त्यांनी मांडले. 1965 साली त्यांना पीएच.डी. मिळाली आणि 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल.

पण खतावणीला दोन बाजू असतात. जॉन केर या संशोधकाने महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील पाणलोट प्रकल्प तपासले. 2002 साली त्यांनी दाखवले की फायदा मुख्यतः जमीनवाल्यांना होतो, आणि चराई बंद झाल्याचा बोजा अनेक ठिकाणी भूमिहीन व शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांवर पडतो. आपल्यातील कितीतरी कारागिरांकडे जमीन नाही. दारची शेळी हीच त्यांची ठेव. म्हणजे जमा एकाच्या खाती आणि नावे दुसऱ्याच्या!

चराईबंदी नको, असे माझे म्हणणे नाही. मात्र ठराव होण्याआधी ग्रामसभेत उभे राहून कापलेल्या गवताचा वाटा आणि कामाची मजुरी ठरवून घ्या.

आणि एखादा एम.ए.चा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन दुकानात आला, तर त्याला परत पाठवू नका. गिऱ्हाइकांची नावे झाकून उधारीचे आकडे दाखवा. आपला आकडा अभ्यासात आला नाही, तर योजना आखणाऱ्याला आपण दिसणार नाही. आपल्या मुलामुलींनीही ही तालीम घ्यावी. हिशेब तर त्यांच्या रक्तातच आहे.