सात दिवसांचा विहार

मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी लागतं. कोटी म्हटलं की आकडा कानावरून जातो, म्हणून टँकर मोजू. 10,000 लिटरचे 3,85,000 टँकर. एक टँकर 8 मीटरचा धरून सगळे एकामागे एक उभे केले, तर रांग 3,080 किलोमीटरची होते. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं, तरी शेपूट उरेल. आणि अशी रांग रोज नवी.

आता हाच हिशेब विहार तलावाला लावू. तुडुंब भरला की त्यात 2,769.8 कोटी लिटर पाणी असतं. केलात भागाकार? सगळ्या मुंबईची तहान एकट्या विहारवर टाकली, तर तो सात दिवसांत तळ गाठेल. शेजारचा तुळशी (804.6 कोटी लिटर) दोन दिवसांत.

1860 साली मात्र शहराचं नळाचं पाणी म्हणजे विहारच. त्याआधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. 1854 च्या टंचाईने सगळ्यांचे डोळे उघडले आणि इंजिनिअर हेन्री कोनिबेअर यांची साष्टीतली, म्हणजे आजच्या उपनगरांतली, विहारची योजना मार्गी लागली. 1856 मध्ये काम सुरू झालं. मिठी नदीच्या खोऱ्यात मातीचे तीन बांध उभे राहिले, त्यातला सर्वांत उंच 84 फुटांचा.

माझं मन रमतं ते तलावातल्या पाणी घेण्याच्या मनोऱ्यात. त्याला चार तोंडं, प्रत्येकाचा व्यास 41 इंच, एकाखाली एक, दर 16 फुटांवर. तलाव भरलेला असला की वरचं तोंड उघडायचं, पाणी उतरेल तसतसं खालचं. तळाचा गाळ ढवळला जात नाही, वरचं निवळ पाणी तेवढं मिळतं. चालू तोंडावर लोखंडी पिंजरा आणि त्याला तांब्याच्या बारीक तारेची जाळी. उपसायला पंप नाही, पाणी उताराने 32 इंची बिडाच्या नळातून शहरात. इतकं साधं आणि इतकं अचूक काम पाहिलं की त्या कारागिरांना हात जोडावेसे वाटतात.

त्या नळातून रोज 3.2 कोटी लिटर पाणी येई. 1864 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 8,16,562 भरली. म्हणजे माणशी 39 लिटर, फार तर दोन-अडीच बादल्या. आज शहरांसाठी माणशी 135 लिटरचं प्रमाण धरतात.

आणि विहार तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होता. अंधेरी-घाटकोपर महापालिकेत आले 1950 मध्ये, बोरिवली-मुलुंड 1957 मध्ये. म्हणजे नव्वद वर्षं पाणी आपल्या उपनगरांतल्या डोंगरांचं आणि महापालिका दक्षिणेकडच्या बेटाची. उपनगरांनी शहराला किती आधी पाजलं, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवं.

पुढे शहराची तहान वाढतच गेली. 1892 मध्ये तानसा आला, दगडी धरण, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. आजच्या हिशेबाने तोही जेमतेम 38 दिवसांचा. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसा धरणात आहे.

मग विहारची किंमत काय? एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होतं. विहारचं पाणलोट क्षेत्र जवळपास 19 चौरस किलोमीटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढाच या क्षेत्रावर धरला, तर एका दिवसात सुमारे 1,790 कोटी लिटर, म्हणजे तलावाचा दोन-तृतीयांश हिस्सा. आज विहार रोज 9 कोटी लिटरच्या आसपास देतो. मुंबईच्या गरजेच्या अडीच टक्केही नाही, पण 1860 च्या पावणेतीनपट.

हे पाणी गोळा होतं ते वरच्या जंगलामुळे. तिथली एक चौरस मीटर जमीन एका पावसाळ्यात साधारण 2,200 लिटर पाऊस झेलते. त्या जमिनीवर कुठल्याही कारणाने काँक्रीट ओतायचा प्रस्ताव आला, तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येकाने हरकत नोंदवावी.