अपघात न झाल्याचे बक्षीस

भूमिगत खाणीत सुरुंग उडाला, धूर निघून गेला, की खनिज भरणाऱ्यांच्या आधी पुढे जातो तो छत तपासणारा. हातात लांब पहार, डोक्यावर दिवा. पक्क्या दगडावर पहार आपटली की खणखणीत आवाज येतो. सुटलेला दगड बद्द वाजतो. जिथे छताला हात पोचतो तिथे दुसऱ्या हाताची बोटे वर टेकवून ठेवायची, म्हणजे कानाला न कळलेला हादरा बोटांना कळतो. मग स्वतः पक्क्या छताखाली उभे राहून, मागची वाट मोकळी ठेवून, तो दगड पहारेने पाडायचा. खाणीत याला ड्रेसिंग म्हणतात. ते नीट झाले तर त्या पाळीत काहीच घडत नाही, आणि या काहीच न घडण्याला आपल्याकडे बक्षीसही मिळते.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या दोन खाणी आहेत. चिखल्याची खाण भूमिगत. डोंगरी बुजुर्गची उघडी, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली. अशा खाणींसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या देखरेखीखाली सुरक्षा सप्ताह होतो. फलक लागतात, शपथा घेतल्या जातात, घोषणा होतात. तो भाग सगळीकडे सारखाच. खरी मजा तपासणीत आहे. परीक्षक म्हणून दुसऱ्या खाणींतली माणसे येतात आणि त्यांच्यापुढे झाकपाक चालत नाही. कोणता कठडा कालच रंगवला, हे ती लांबूनच ओळखतात. सप्ताहाच्या आदल्या दिवशी कठडे कोण आणि का रंगवतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

प्रथमोपचाराच्या स्पर्धेत एक धडधाकट कामगार जमिनीवर आडवा होतो. त्याची मांडी मोडली आहे, असे परीक्षक जाहीर करतो. लाकडी फळ्या, त्रिकोणी पट्ट्या, स्ट्रेचर घेऊन चमू धावतो, आणि घाईघाईने गाठी बसू लागतात. ‘जखमी’ला हसू आवरत नाही. परीक्षक मात्र खाली वाकून त्याच्या पायाच्या अंगठ्याचे नख दाबतो आणि सोडतो. पांढरे पडलेले नख लगेच लाल झाले नाही, तर पट्टी फार आवळली आहे, रक्त अडले आहे. गाठ मोडलेल्या जागेवर आली तरी गुण गेले. खाणीच्या पोटातून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत माणसाचा पाय वाचतो की जातो, ते अशा नखाएवढ्या गोष्टींवर ठरते. सबंध सप्ताहात पारितोषिकाला सर्वांत लायक स्पर्धा हीच.

वरच्या पातळीवर हिशेब बदलतो. खाणींसाठीचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९८३ पासून आहेत. त्यांत मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: अपघाताविना सर्वांत मोठा काळ कोणाचा, आणि कामाच्या पाळ्यांच्या मानाने दुखापती सर्वांत कमी कोणाकडे. त्यासाठी दुखापत म्हणजे काय, हे आधी ठरावे लागते. १९५२च्या खाण कायद्याने रेघ ओढली ती ७२ तासांवर. हाड मोडणे, डोळा किंवा कान जाणे ही गंभीर दुखापत. त्याखालच्या दुखापतीने माणूस ७२ तास किंवा त्याहून जास्त घरी बसला, तर ती कळवण्याजोगी ठरे. कारखान्यांच्या कायद्यात हीच रेघ ४८ तासांची होती.

रेघ आली की तिच्या अलीकडे राहण्याची युक्तीही येते. बोट चेचलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी बोलावून कचेरीत बसवले, की तो हजर. त्याला झेपेल असे हलके काम देऊन हळूहळू मूळ कामावर आणणे हा उपचाराचाच भाग असतो. डॉक्टरच्या सल्ल्याने केले तर उत्तम. पण तीच खुर्ची फलकावरचा अपघाताविना दिवसांचा आकडा सांभाळण्यासाठीही वापरता येते, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसतात. जगभरच्या उद्योगांत हा प्रश्न आहे.

शिवाय बोटे न चेचण्याचा आणि स्फोट न होण्याचा संबंध समजतो तेवढा जवळचा नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या तराफ्यावर मोठे अधिकारी आले होते. कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात न होता सात वर्षे गेली, त्याचे कौतुक करणे हे त्यांच्या भेटीचे एक कारण. त्याच रात्री स्फोट झाला, ११ जण गेले. भंडाऱ्याला हे परके वाटू नये. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि कामगारांचे जीव गेले. स्फोटकांच्या कामात वर्षानुवर्षे काही घडत नाही, आणि त्या शांततेवरून पुढच्या सकाळबद्दल फारसे काही सांगता येत नाही.

म्हणून थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही जाड असलेल्या खाणीला दोन गुण जास्त द्यावेत. कारखान्यांतल्या कामगारांसाठी विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आहे. तो कामगाराने सुचवलेल्या आणि प्रत्यक्षात आणलेल्या सुधारणेला मिळतो. इथे न घडलेल्या गोष्टीऐवजी केलेली गोष्ट मोजली जाते. हे जास्त पटते.

मँगनीजच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. या खनिजाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जात राहिली तर मज्जासंस्थेला विषबाधा होऊ शकते: चेहरा निर्विकार होतो, हात थरथरतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना तोल जातो. कायद्याने हा कळवण्याजोगा रोग आहे. पण त्याला अपघातासारखी तारीख नसते, पाळी नसते, ७२ तासही नसतात. १९५२च्या कायद्याखाली खाण कामगाराची ठरावीक वैद्यकीय तपासणी पाच वर्षांतून एकदा असे. तोवर कंत्राटी कामगाराचा कंत्राटदार बदललेला असे, कधी खाणही. मग त्याचा थरथरता हात कोणत्या खाणीच्या, कोणत्या वर्षाच्या खात्यावर मांडायचा, हे पुरस्काराच्या हिशेबात कुठेच बसत नाही.