तळघरातली न्हाणी

बाथरूम वॉटरप्रूफ कशामुळे होते असे विचारले तर दहातले नऊ जण 'टाइल्समुळे' म्हणतील. सिव्हिलवाल्याने ओरलला हे उत्तर दिले तर एक्स्टर्नल काय करतील ते सांगायला नको! व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते हे खरे. पण भिंतीची साधी चकचकीत टाइल मागच्या अंगाने 10 टक्क्यांहून जास्त पिते, आणि टाइल कुठलीही असो, दर फुटाला सांधा आहेच. सांध्यातल्या व्हाइट सिमेंटमधून पाणी हळूहळू मागे जाते. तिथून पुढे ते कुठे जाणार, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न माझ्यापुढे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. नांदेडच्या जुन्या भागात आमच्या मामांचा वाडा आहे. खाली काळ्या दगडाचे तळघर, भिंती दोन फुटांहून जाड. पारा 42-43 ला टेकला की आजोबांचा मुक्काम तिथेच. पण त्यांच्या गुडघ्यांना आता आंघोळीसाठी रोज जिना चढणे होत नाही, म्हणून खालीच टाइल्सची न्हाणी करायची ठरली, शॉवरसकट. मिस्त्री म्हणाले, "भिंतीला ओल हाय, पण टाइल मारली की दिसत नाही बघा." मामांना पटले. मला नाही पटले.

वरच्या बाथरूमला एकाच पाण्याची भीती असते, आतल्या. तळघरात दोन बाजूंनी पाणी असते. पावसाळ्यात भिंतीबाहेरची माती पाण्याने तुडुंब झाली तर एक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर जवळपास एक टनाचा दाब येतो. फ्लुइड मेकॅनिक्सचे पहिलेच प्रकरण! आता आतून साधा ऑइलपेंट किंवा डांबराचा थर दिला, तर बाहेरचे पाणी त्याला भिंतीपासून ढकलते. फुगे येतात, पोपडे निघतात. टाइल्स त्याच थरावर असतील तर त्याही सुटतात, आणि ओल्या फरशीवर सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पायाशी टाइल पडणे ही काही गमतीची गोष्ट नाही.

ओल बाहेरून येते की आतल्या दमट हवेची आहे, हे कळायला एक फुकटची परीक्षा आहे. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस थांबायचे. प्लास्टिकच्या आपल्याकडच्या अंगावर थेंब आले तर हवेतली वाफ. भिंतीकडच्या अंगावर आले तर पाणी भिंतीतून येते आहे. मामांकडे भर मे महिन्यात भिंतीकडून थेंब आले. मामा गप्प झाले.

विटांची चांगली भिंत असती तर गिलावा खरवडून सिमेंटमध्ये आत शिरून स्फटिक धरणारे कोटिंग देता आले असते. बाहेरच्या दाबाला ते टिकते. पण जुन्या दगडी भिंतीच्या पोटात माती आणि कपऱ्या भरलेल्या असतात. तिथे कोटिंग धरणार कशाला? म्हणून दगडी भिंतीला हात न लावता, तिच्यापासून दोन इंच जागा सोडून, आत चार इंची विटांची नवी भिंत बांधायची. झिरपलेले पाणी त्या फटीतून खालच्या पन्हाळीत उतरते आणि टाक्याकडे जाते. टाइल्स नव्या भिंतीवर. न्हाणी दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट लहान होते, यावर घरात दोन दिवस वाद झाला तो वेगळा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. नळाचे पाइप लपवायला दगडी भिंतीत खाच पाडावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसे गेली, ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. आतला आणि बाहेरचा पदर बांधणारे आरपार दगड नसल्याने पदर सुटे झाले. अशा भिंतीला ब्रेकर लावणे म्हणजे वरच्या दोन मजल्यांशी खेळ. विटांच्या भिंतीतही उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल चालत नाही, हे आयएस 1905 मध्ये आहे.

आता जमीन. उतार वरच्या टाइल्सना तर द्यायचाच, पण खालच्या कोब्यालाही द्यायचा, साठास एक. नाहीतर सांध्यातून उतरलेले पाणी खाली डबक्यासारखे साचते आणि वास मारते. (आपल्या होस्टेलच्या वासाचे मूळ यातच असावे असा माझा अंदाज.) कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा, त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, आणि हा थर शॉवरच्या बाजूने सहा फूट वर. मग 'नहाणी ट्रॅप'. पुस्तकातला हा इंग्रजी वाटणारा शब्द म्हणजे आपलीच न्हाणी! त्यात दोन इंच पाणी उभे राहिले पाहिजे, म्हणजे गटारातला वास वर येत नाही.

तळघराची जमीन रस्त्यावरच्या गटारापेक्षा खाली. तेव्हा पाणी झाकणबंद टाक्यात घेऊन पंपानेच वर टाकावे लागते आणि पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी किती चढते ते नांदेडकरांना माहीत आहे. व्हॉल्व्ह नसेल तर गटारच न्हाणीत. टाके भिंतीच्या पायाशी खोदू नये, एवढे मात्र पाहावे.

टाइल्स लावण्याआधी ट्रॅप बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचे आणि खडूने रेघ मारायची. आपल्याकडच्या उन्हात पाणी वाफेनेही घटते, म्हणून शेजारी एक परात भरून ठेवली. दोन्हीकडे सारखेच घटले, तेव्हा मिस्त्रींनी टाइल्सचे खोके फोडले.

लातूरच्या माझ्या रूममेटकडे तळघर नाही, पण घर काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यातला सांधा दरवर्षी तुटतो. तिथे सिमेंट भरून उपयोग नाही, लवचिक सीलंटच हवे. शॉवरला मात्र त्याच्या घरी ठाम नकार आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले त्या घराने पाहिले आहे, आणि शॉवर मिनिटाला सहज दहा लिटर सोडतो, म्हणजे दोन मिनिटांत बादली.

राहिला गिझर. मामा गॅसचा आणणार होते, स्वस्त पडतो म्हणून. बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. तळघरात तर खिडकीही नाही. इलेक्ट्रिक गिझर, नीट अर्थिंग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा, हे सगळे झाल्यावरच आजोबांची बादली खाली गेली.